पाहा की दादा : जावामध्ये कोंबडी खात सहा दिवस

पहिला दिवस, १२ ऑगस्ट : जकार्ता

व्हिसाच्या खिडकीपाशी आईनं आकडा वाचला आणि माझा दंड घट्ट धरला. "पाच लाख? माणशी?" पाच लाख रुपिया म्हणजे आपले साधारण दोन हजार सहाशे रुपये, हे तिला पटेपर्यंत रांग पुढे सरकली होती. आमच्या वेळी एका रुपयाला १९० च्या आसपास रुपिया मिळत होते. पुढचे सहा दिवस आईनं दिसेल ती किंमत मनातल्या मनात १९० नं भागली, आणि बहुतेक वेळा माझ्या फोनच्या आधी तिचं उत्तर तयार असे.

जावाला मी कोंबडीसाठी निघाले होते. पुण्याच्या ऑफिसात दोन वर्षं एक इंडोनेशियन सहकारी शेजारी बसायची. एकदा डब्यातली तळलेली कोंबडी तिला दिली, तर एक घास खाऊन तिनं अगदी काळजीनं विचारलं, "तुम्ही कच्चीच तळता का?" या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. आई सत्तरीची, वेंगुर्ल्याकडची, तिच्या हातच्या कोंबडी-वड्यांवर आमचं अख्खं घर वाढलं. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बघून येऊया की." मुंबईहून जकार्ताला थेट विमान सुरू झालेलं होतं, आणि आईचे गुडघे अजून चालत होते.

संध्याकाळ झाली आणि हॉटेलजवळच्या बंद होत आलेल्या दुकानांपुढे बांबू उभे राहू लागले. वर निळी ताडपत्री, पुढे आडवं पांढरं कापड. त्या कापडावर हातानं रंगवलेला कोंबडा, बदक आणि मिशीवाला मासा, आणि भगव्या-हिरव्या झगझगीत रंगातली ठसठशीत अक्षरं. हे तंबू बहुतेक करून पूर्व जावामधल्या लामोंगान जिल्ह्यातल्या लोकांचे असतात. गाव सोडून शहरात आलेली ही माणसं, आणि तो रंगीत पडदा म्हणजे त्यांची ओळख. दुरून पडदा दिसला की आत काय मिळणार हे प्रत्येकाला माहीत असतं: मागूर जातीचा मासा, कोंबडी, बदक, टोफू, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि सांबाल, म्हणजे इथली मिरचीची चटणी.

पडद्यामागे बाकं होती. कढईशी उभ्या असलेल्या मुलानं विचारलं, "पाहा अताउ दादा?"

आई माझ्याकडे बघायला लागली. पाहा म्हणजे मांडी, दादा म्हणजे छाती, अताउ म्हणजे किंवा. हे मी सांगितल्यावर आई त्या मुलाकडे वळून ठामपणे म्हणाली, "पाहा." मी दादा सांगितलं. तेव्हापासून ते शेवटपर्यंत आमची वाटणी तीच राहिली.

चार-पाच मिनिटांत ताटं समोर आली. इतक्या लवकर कोंबडी तळून होत नाही हे आईला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे तिनं तुकडा हाताने उकलून हाडापाशी नाक नेलं. मांस आतपर्यंत पिवळं होतं. हाडाला लागून असलेल्या धाग्यालाही हळद आणि धण्याचा वास होता. नारळाच्या दुधातला भात, जकार्तावाले त्याला नासी उदुक म्हणतात, त्याच्यावर तळलेला कांदा. बाजूला कच्ची कोबी, काकडी आणि केमांगीची पानं. केमांगी म्हणजे तुळशीची बहीण, चुरडली की लिंबाचा वास सुटतो. आणि हात बुडवायला पाण्याची वाटी, त्यात लिंबाची फोड. चमचे होते, पण आजूबाजूचं कुणी त्यांना हात लावत नव्हतं. परदेशात पहिल्याच रात्री पाची बोटांनी जेवायला मिळालं याचा आईला झालेला आनंद मी तिच्या बसण्यात बघितला. तिनं खांदे सैल सोडले होते.

तुकडे लहान होते, पण चव ब्रॉयलरची नव्हती. नंतर कळलं की लामोंगानवाले बऱ्याचदा पेजांतान वापरतात. अंड्यांसाठी पाळायच्या जातीत जे नर जन्मतात, ते थोडे दिवस वाढवून विकतात. गावठीपेक्षा स्वस्त, ब्रॉयलरपेक्षा चिवट आणि चवदार.

उठताना आई म्हणाली, "हे तळलेलं कुठंय? हे शिजवलेलं आहे. तळलं ते फक्त वरून."

दुसरा दिवस : रेल्वे

गांबिर स्टेशनवरून योग्याकार्ताची गाडी. साडेसहा-सात तासांचा रस्ता, स्वच्छ डबा, मोठ्या काचा. भातखाचरं, केळी, नारळ, कौलारू घरं. आई मधूनमधून "ही तर आपली बांदा-सावंतवाडी" असं म्हणायची आणि मग मशिदीचा चकचकीत घुमट आला की थांबायची.

वाटेत चिरेबोन लागलं. या शहराच्या नावाची एक व्युत्पत्ती अशी की चाय म्हणजे पाणी आणि रेबोन म्हणजे बारीक कोळंबी. तीच आपल्याकडचा जवळा. त्या रेबोनला मीठ लावून, वाळवून, कांडून, आंबवून जो गडद तपकिरी गोळा होतो तो तेरासी, आणि चिरेबोनचा तेरासी नावाजलेला आहे. काल रात्रीच्या सांबालमध्ये "काहीतरी आपलं" आहे असं आई म्हणत होती ते हेच. आमच्याकडे सुका जवळा तव्यावर परतून, कांदा-मिरची-खोबऱ्याबरोबर चटणी करतात. इकडे तो आंबवून, भाजून, मिरचीबरोबर वाटतात. मिरची दोन्ही किनाऱ्यांना सोळाव्या शतकात, अमेरिकेतून आलेल्या जहाजांमुळे मिळाली. त्याआधी कोकणातला आणि जावामधला स्वयंपाक कशावर तिखट होत असेल यावर आईनं पुढचा तासभर विचार केला. मिरी आणि आलं, असं तिनं शेवटी ठरवलं.

संध्याकाळी योग्याकार्ताचं तुगु स्टेशन. रस्त्यांवर लाल-पांढऱ्या पताका, गल्लीच्या तोंडाशी रंगवलेल्या कमानी, कारण १७ ऑगस्ट हा इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. आपल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आणि दोन वर्षं आधी, १९४५ चा.

जेवणाचं मात्र त्या दिवशी फसलं. दमलो होतो, गर्दीच्या रस्त्यावर चटईवर बसवून वाढणारं जे पहिलं ठिकाण दिसलं तिथे बसलो. दरांची पाटी नव्हती. कोंबडी कोमट, सांबाल बाटलीतल्या सॉससारखं गोड, आणि बिल आदल्या रात्रीच्या तिप्पट. आईनं भागाकार केला आणि गप्प बसली. होमस्टेच्या मालकांना, त्यांना सगळे पाक म्हणतात, आपल्या काकांसारखं, हे सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. पाहुण्याला असं लुबाडण्याला इथे नुथुक म्हणतात, म्हणजे ठोकणं. त्यांनी दोनदा माफी मागितली, ज्यात त्यांचा काही दोष नव्हता. मग म्हणाले, उद्या संध्याकाळी गल्लीच्या टोकाला जा, पाटीवर दर लिहिलेले आहेत, मी तिथेच खातो.

तिसरा दिवस : योग्याकार्ता

पहाटे गच्चीवरून मेरापी ज्वालामुखी दिसला. निळसर, टोकावर धुराची एक रेघ. २०१० मध्ये याच डोंगरानं शेकडो माणसं घेतली. सुलतानाचा वाडा बघितला, तो सुंदर आहे, पण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

दुपारी गाजा मादा विद्यापीठाच्या बाजूला गेलो. १९४९ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ, आणि आसपास विद्यार्थ्यांच्या खोल्या, झेरॉक्सची दुकानं आणि आयाम गेप्रेक. आयाम म्हणजे कोंबडी, गेप्रेक म्हणजे ठेचलेली. हा पदार्थ फार जुना नाही. इथे सांगतात की २००३ मध्ये बू रुम यांच्या खाणावळीत एका विद्यार्थ्यानं पिठात घोळून तळलेली कोंबडी सांबालबरोबर ठेचून मागितली, आणि तिथून सगळ्या शहराला, मग देशाला ती सवय लागली. मला यातली ओळ अशी दिसते: केएफसी जकार्तात १९७९ मध्ये आलं, पिठाच्या कुरकुरीत कवचाची कोंबडी लोकांना आवडली, रस्त्यावरच्या गाड्यांनी ती निम्म्याहून कमी पैशांत करायला घेतली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी जावानं तिच्यावर बत्ता हाणून ती आपली केली.

रांगेत उभं राहिलं की एकच प्रश्न येतो, मिरच्या किती? समोर दगडी खलात तुमच्यासमोर तितक्याच मिरच्या, लसणाची पाकळी, मीठ टाकतात, रगडतात, वर गरम तेलाचा एक डाव, मग अख्खा तुकडा त्यात ठेवून दोन-तीन ठोके. भात आपला आपण घ्यायचा, लागेल तितका. माझ्या पुढच्या मुलानं ताटात भाताचा डोंगर केला होता आणि सोबत कोंबडीचा सगळ्यात लहान तुकडा. महिनाअखेर नव्हती, पण विद्यार्थ्याचा हिशेब महिनाभर तसाच असतो. आईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखते, माझ्या भावाचे मित्र जेवायला यायचे तेव्हाची.

मी तीन मिरच्या सांगितल्या. आईनं बोटांनी सात दाखवल्या. खलापाशी बसलेल्या मुलीनं, तिला म्बाक म्हणायचं, म्हणजे ताई, "तुजुह?" असं दोनदा विचारून खात्री केली. इथली मिरची आपल्या लवंगीच्या जातीची, बुटकी आणि उभी. आईनं सातही पचवल्या, पण तिचं मत वेगळं पडलं. "चव मिरचीची आहे. कोंबडी आतून फिकी आहे, वरच्या पिठाला मीठ-मसाला. काल गाडीत बसायच्या आधीची ती बरी होती." मला गेप्रेक आवडली. वीस हजारांत, म्हणजे आपल्या शंभर-सव्वाशेत, थंड चहासकट पोट फुटेस्तोवर जेवण होतं, आणि कुरकुरीत कवचाच्या भेगांमध्ये सांबाल जातं तो घास काही औरच असतो. पण आई काय म्हणतेय तेही कळत होतं.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला.

ही खानावळ म्हणजे एका घराची ओसरी. चार लांब टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं प्लास्टिक, भिंतीवर पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरांत दर. एका कोंबडीच्या तुकड्याला भात, पाला आणि सांबालसकट अठरा हजार. टेम्पे दोन हजार. थंड चहा चार हजार. कोपऱ्यात काचेचं तोंड असलेला पत्र्याचा चौकोनी डबा, आत केरुपुक, आपले पापड-कुरडया जिथे भेटतील तसला हलका पांढरा फुलोरा. ज्याला हवा त्यानं उचलायचा, उठताना किती खाल्ले ते सांगायचं. पुढे काचेच्या कपाटात पिवळेधमक तुकडे रचून ठेवलेले, पाहा एका बाजूला, दादा दुसऱ्या. कपाटामागे एक बाई, साठीच्या, डोक्याला रुमाल, आणि कढईशी त्यांचा मुलगा. बाईंना बू म्हणायचं. काकू म्हटल्यासारखंच ते, आणि म्हणताना तसंच वाटतं.

आईनं त्या कपाटाकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाली, "बघ. मी म्हणत होते ना. शिजवून ठेवलंय."

तुकडा कढईत पडला, तेल एकदम फसफसलं आणि चार मिनिटांत खाली बसलं. वर कुरकुरीत चुरा आला, सोनेरी, जाळीदार, शेव कुस्करल्यासारखा. त्याला क्रेमेस म्हणतात. सांबाल खलातच समोर ठेवलं, दगड अजून ओलसर. आईनं पहिला घास घेतला, चावला, आणि बूंकडे बघून मान हलवली. बूंनी पण मान हलवली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. आईचं काम तेव्हा जेवणं हेच होतं.

चौथा दिवस : कालासान आणि प्राम्बानान

शहरबस प्राम्बानानपर्यंत जाते. तिकीट चार हजारांच्या आत, आपले वीसेक रुपये. आम्ही आधीच, कालासानला उतरलो.

रस्त्यापासून थोडं आत एक देऊळ आहे, बौद्धांच्या तारादेवीचं. गाभारा रिकामा, मूर्ती केव्हाच गेलेली, दारावरचं कीर्तिमुख मात्र अजून डोळे वटारून आहे. भिंतींवर कुठेकुठे वज्रलेपाचा गुळगुळीत थर टिकलाय. या देवळाचा शिलालेख सापडलेला आहे. भाषा संस्कृत, लिपी नागरीची पूर्वज, आणि काळ शके ७००, म्हणजे इसवी सन ७७८. पाटीवरचं "शक" हे अक्षर वाचून आई थबकली. आमच्या घरी अजून भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्यावर शके छापलेला असतो. तिनं बोटांवर वजाबाकी केली. सव्वाबाराशे वर्षांपूर्वी कुणी तरी इथे, आपण मोजतो त्याच सालगणनेत तारीख कोरली, आणि कालासान हे गाव संघाला दान दिल्याचं लिहिलं. गावाचं नाव तेव्हापासून तेच आहे.

आणि आज कालासान म्हटलं की जावामधल्या माणसाला पहिली कोंबडी आठवते. म्बोक बेरेक या नावानं ओळखल्या गेलेल्या बाईंनी इथली तळलेली कोंबडी प्रसिद्ध केली, पुढे सुहार्तींच्या नावाच्या हॉटेलांनी ती मोठ्या शहरांत नेली. आम्ही रस्त्याकडेच्या एका साध्या जुन्या ठिकाणी बसलो. इथे तुकडे मागायचे नसतात. अख्खी गावठी कोंबडी, आयाम कांपुंग, पोटाशी उकलून पसरलेली, ताटभर येते आणि सगळ्यांनी मिळून खायची. किंमतही तशी, आमच्या गल्लीतल्या तुकड्याच्या सहापट. पण चौघांत सहज पुरली असती.

गावठी कोंबडी कोण कशी शिजवतो यावर आमच्या घरात पिढ्यानपिढ्या वाद आहेत, म्हणून हा घास मी सावकाश खाल्ला. कालासानची पद्धत शहाळ्याच्या, नारळाच्या पाण्यात शिजवायची. ते पाणी आटता आटता त्याची साखर मांसात उतरते, आणि तळताना तीच साखर बाहेरून तांबूस होते. त्यामुळे कोंबडी किंचित गोड लागते. जावामधल्या मध्यभागाचं जेवण गोडाकडे झुकतं हे आम्ही दोन दिवसांत शिकलो होतो. आईला भाजीत गूळ चालतो, कोंबडीत नाही. तिनं तीन घास खाल्ले, सांबाल दुप्पट घेतलं, आणि चौथ्या घासाला म्हणाली, "नारळाचं पाणी आपण ओतून देतो गं."

घरी वाटणासाठी रोज नारळ फुटतो. पाणी मुलं पितात, नाहीतर मोरीत जातं. त्या एका वाक्यात तिनं कालासानच्या कोंबडीला जागा करून दिली. उरलेली निम्मी कोंबडी बांबूच्या विणलेल्या चौकोनी डबीत बांधून मिळाली.

प्राम्बानानला उन्हं कलताना पोचलो. शिवाचं देऊळ ४७ मीटर उंच, समोर नंदी, कठड्यावर आतल्या बाजूनं रामायण कोरलेलं. उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे, इथले लोक तिला लोरो जोंग्रांग नावाची राजकन्या मानतात. आईनं चप्पल बाहेर काढली आणि दगडावर डोकं टेकवलं. पहारेकरी काही बोलला नाही. केव्हाच पडलेल्या छोट्या देवळांचे दगड अजून ढिगांनी रचून ठेवलेत, त्या ढिगांजवळ बसून आम्ही डबीतली कोंबडी खाल्ली नाही, कारण आतून बाहेर येईपर्यंत थांबायचा नियम आहे. बाहेर येऊन बसस्टॉपवर खाल्ली. गार झाल्यावर ती जास्त चांगली लागत होती.

पाचवा दिवस : बूंच्या स्वयंपाकघरात

हे मी मागितलं नव्हतं. आदल्या रात्री आईनं पुन्हा त्या काचेच्या कपाटाशी उभं राहून, हातानं ढवळल्याची खूण करून, "कसं?" असं सरळ मराठीत विचारलं. बूंनी घड्याळाकडे बोट दाखवलं, दुपारचे एक, आणि जमिनीकडे बोट दाखवलं, इथे.

एक वाजता मागच्या पडवीत गेलो. कोंबडीचे तुकडे धुऊन निथळत होते. खालच्या बसक्या स्टुलावर बू, समोर खल. तो आपल्या पाट्यासारखा उथळ आणि रुंद, मेरापीच्या काळ्या दगडाचा, त्याला चोबेक म्हणतात. वाटायचा गोटा मात्र वाकडा, पिस्तुलाच्या मुठीसारखा, त्यानं ठेचत नाहीत, मनगट फिरवून पुढे-मागे रगडतात. छोटे कांदे, लसूण, हळकुंड ओलं, आलं, आणि केमिरी नावाचं तेलकट पांढरं बी. मग बूंनी एका डब्यातून मूठभर धणे काढले आणि म्हणाल्या, "केतुम्बार."

आई म्हणाली, "काय?"

"केतुम्बार."

"कोथिंबीर!" आई मोठ्यांदा म्हणाली. बूंनी ते तसंच उच्चारून बघितलं, को-थिं-बीर, आणि मुलाला हाक मारून ऐकवलं. संस्कृतातल्या कुस्तुंबुरीची ही दोन रूपं आहेत, एक सह्याद्रीच्या या बाजूला राहिलं, एक समुद्रापार गेलं. त्या दोघींना हे सांगायची गरज नव्हती. त्या धण्यांचा वास घेत होत्या.

वाटण पातेल्यात गेलं. वर ठेचलेला गवती चहा, कोष्टकोलिंजनाचा जाड काप, आणि सालामची पानं. तमालपत्रासारखी दिसतात म्हणून आईनं चुरडून हुंगली, वास तमालपत्राचा नाही, तुरट, हिरवा. हे झाड जांभळाच्या कुळातलं आहे हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं पुन्हा हुंगलं आणि "हो, आहे" म्हणाली. मीठ, तुकडे बुडतील न बुडतील इतकं पाणी, झाकण, मंद आच.

या शिजवण्याला उंगकेप म्हणतात. माझ्या सहकारी मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर या शब्दात होतं. झाकून, मसाल्याच्या पाण्यात, पाणी आटेपर्यंत. ब्रॉयलर पाऊण तासात होतो, गावठीला दीड-दोन तास द्यावे लागतात. मांस शिजतं, मीठ हाडापर्यंत जातं, आणि संध्याकाळी तेलात पडतं तेव्हा फक्त कातडीला रंग आणि कुरकुरी आणायची उरते. गरीब गिऱ्हाइकाला चार मिनिटांत गरम ताट मिळतं ते यामुळे. तेल कमी जळतं, गॅस कमी जळतो, कच्चं राहण्याची भीती नाही, आणि मीठ-हळदीत शिजलेले तुकडे संध्याकाळपर्यंत बाहेर टिकतात. अठरा हजारांच्या ताटामागे दुपारी एकपासूनचे पाच तास आहेत, आणि ते पाटीवर कुठे लिहिलेले नाहीत. मी त्या पडवीत बसून घामेघूम होत होते आणि मला खरोखर लाज वाटली की आदल्या दिवशी मी या ताटाला मनात "स्वस्तातलं" म्हटलं होतं.

तुकडे काढल्यावर तळाशी पिवळा, घट्ट रस उरला. बूंनी तो फेकला नाही. गाळून त्यात टॅपिओकाचं पीठ, थोडं तांदळाचं, एक अंडं, पाणी, पातळसर भिजवलं. तेल कडकडीत तापल्यावर हात त्या मिश्रणात बुडवून उंचावरून शिंपडला. तेलभर फेस उसळला, फेसाखाली जाळी तयार झाली, झाऱ्यानं ती गोळा करून बाजूला घेतली. तेच क्रेमेस. आईला हे सगळ्यात आवडलं. ज्या रसाला कोंबडीचा सगळा अर्क, त्याचाच कुरकुरीत चुरा करून कोंबडीवर घालायचा. "यांचं काही वाया जात नाही," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं, कारण माझ्या फ्रिजची अवस्था तिला ठाऊक आहे.

मग आईनं पदर खोचला. ती आमच्या प्रवासात साडीतच होती. चोबेक आपल्याकडे ओढला, पाच मिरच्या, भाजलेला तेरासी, टोमॅटो, मीठ. बूंच्या वाकड्या गोट्यानं ती सरळ वरवंट्यासारखं वाटायला लागली, दोन्ही हातांनी. बूंनी तिच्या मनगटावर हात ठेवला, एका हातानं, असं, असं फिरव. तीन-चार फेऱ्यांत जमलं. सांबाल बूंनी बोटावर घेऊन चाखलं, मुलाला दिलं. मुलानं डोळे मिटून "पेडस" म्हटलं. तिखट.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर दुकान भरलं. रिक्षावाले, दोन नर्सा, शाळेच्या गणवेशातली मुलं, डिलिव्हरीवाले हिरव्या जाकिटांत. त्या रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर आईनं वाटलेलं सांबाल गेलं. एका रिक्षावाल्यानं ते पुन्हा मागितलं. आई काहीच बोलली नाही, पण जेवण झाल्यावरही ती बराच वेळ उठली नाही.

सहावा दिवस, १७ ऑगस्ट : परत

सकाळी गल्लीत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांना केरुपुक टांगले होते. स्वातंत्र्यदिनाचा हा खेळ देशभर होतो: हात मागे, तोंडानंच केरुपुक संपवायचा. लहान पोरं उड्या मारत होती, पापड हलत होता. पाक लाउडस्पीकरवर ओरडत होते. बूंची खानावळ आज बंद, सगळे इथेच.

आमची गाडी दुपारची होती. निघताना बूंनी दोन पुडे हातात दिले. आत केळीचं पान, बाहेर तपकिरी कागद, वरून रबर. पैसे घेतले नाहीत. आईनं पिशवीतून वेंगुर्ल्याच्या काजूंचं पाकीट काढलं, घरून आणलेलं, ते दिलं. मग आईनं बूंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बूंनी तो हात आपल्या कपाळाला लावला, इथे मोठ्यांना तसं करतात. आई दहा वर्षांनी मोठी, हे तिनं केव्हा विचारलं कोण जाणे.

चिरेबोन येईपर्यंत अंधार पडला होता. तेव्हा पुडे काढले. कागदावर बॉलपेननं खुणा होत्या, एकावर पी, एकावर डी. पी आईचा. उघडला, पाहा. माझ्यात दादा. क्रेमेस मऊ पडलं होतं, भाताला केळीच्या पानाचा वास होता. आईच्या पुड्यात, सांबालच्या शेजारी, पानाच्या तुकड्यात गुंडाळून वेगळ्या ठेवलेल्या सात मिरच्या होत्या.